जुन्या मोटर यॉटचे बल्ब सारखे उडतात, सरसकट एलईडी लावू का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९८६ साली बांधलेली, १० मीटर लांबीची फायबरची मोटर यॉट तुम्ही मुंबईहून ट्रेलरवर आणली आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात उतरवली. संध्याकाळच्या फेऱ्या सुरू करायच्या आहेत. बॅटरी बँक (एकत्र जोडलेल्या दोन बॅटऱ्या) २४ व्होल्टची आहे. केबिनमध्ये दोन पिनांचे बारा छोटे हॅलोजन, मास्टवर (डोलकाठीवर) पांढरा दिवा, दोन्ही बाजूंना लाल-हिरवा आणि मागे एक पांढरा. केबिनचे बल्ब आठवड्याला दोन-तीन उडतात, आणि एकदा तर इंजिन चालू असताना एकदम चार गेले. जवळच्या पवनीत तसे बल्ब मिळत नाहीत, ऑनलाइन मागवले तेही महिनाभर टिकले नाहीत. आता सगळीकडे एलईडी टाकून मोकळं व्हावं का?

मी १७ वर्षं मुंबईत एका बोटयार्डात इलेक्ट्रिकचं काम केलं. आता गावी ट्रॅक्टरचं वायरिंग, मोटारपंपाचे स्टार्टर आणि मधूनमधून धरणावरच्या बोटी असं चालतं. त्या अनुभवावरून सांगतो: केबिनमध्ये एलईडी जरूर टाका, पण या महिन्यात नको. मास्टवर आणि बाजूंना नुसता बल्ब बदलून एलईडी टाकूच नका. आणि ज्या कारणाने हॅलोजन उडतायत ते कारण न शोधता एलईडी टाकले, तर तेच कारण एलईडीही खाईल. फरक एवढाच, की तेव्हा बल्ब ३० रुपयांचा नसेल.

बल्ब कसा उडतो त्यावरून रोग कळतो. एकाच जागचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल तर होल्डर बघा, नाहीतर त्या जागी हादरा जास्त बसतोय का ते बघा. इंजिनाखालची रबरं थकली की केबिनच्या मागच्या भिंतीवरचे दिवे आधी जातात. २४ व्होल्टच्या बल्बाचा तंतू तेवढ्याच वॉटच्या १२ व्होल्टवाल्यापेक्षा लांब आणि बारीक असतो, त्याला हादरा सोसत नाही. आज इथला, परवा तिथला असे सगळीकडचे बल्ब आळीपाळीने जात असतील, तर व्होल्टेज जास्त आहे. आणि इंजिन चालू असताना एका झटक्यात चार गेले, तर बॅटरीचं टर्मिनल नाहीतर अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. तुमच्याकडे दुसरं आणि तिसरं, दोन्ही दिसतंय.

चार बल्ब एकदम जाण्याचं आधी बघू, कारण त्यात उशीर केला तर रेडिओ, पंप, सगळंच जाईल. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी मध्येच सुटली तर त्याला टेकायला काही राहत नाही, व्होल्टेज उधळतं. २४ च्या सिस्टिमवर क्षणभर शंभराच्याही वर जाऊ शकतं. बॅटरी 'सुटते' म्हणजे वायर निघून पडते असं नाही. एका लाँचवर मी दोन दिवस फॉल्ट शोधत होतो. टर्मिनल घट्ट दिसायचं, पान्याने फिरायचं नाही. शेवटी हाताने मुरगाळलं तर क्लॅम्प गर्रकन फिरला. आधीच्या माणसाने खांब झिजलेला पाहून डब्याच्या पत्र्याची पट्टी आत कोंबली होती आणि वरून नट आवळला होता. नट घट्ट, क्लॅम्प ढिला. इंजिनाच्या एका विशिष्ट आरपीएमला तो थरथरायचा आणि बॅटरी क्षणभर सुटायची. तेव्हा तुमच्या चारही टर्मिनलचे क्लॅम्प हाताने मुरगाळून बघा. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली छोटी केबलही विसरू नका, ती सगळे विसरतात. आणि मेन बॅटरी स्विच इंजिन चालू असताना कधीही 'बंद'वर नेऊ नका, फिरवताना चुकूनसुद्धा.

आता हळूहळू उडणाऱ्या बल्बांचं. २४ ची भरलेली बँक निवांत असताना २५.४ च्या आसपास दाखवते, चार्ज होत असताना २८.८ पर्यंत जाते. म्हणजे बल्बाच्या नावापेक्षा २० टक्के जास्त. फिलॅमेंटच्या, म्हणजे बल्बातल्या तंतूच्या, आयुष्याचं गणित फार निष्ठुर आहे: व्होल्टेज १० टक्के वाढलं तर आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं, २० टक्के वाढलं तर जवळजवळ नवव्या हिश्श्यावर. ट्रकचे २४ व्होल्टवाले बल्ब हे धरूनच बनवलेले असतात, त्यांची चाचणीच २८ व्होल्टला होते. पण घरातल्या शोकेससाठी किंवा झुंबरासाठी बनवलेले जे दोन पिनांचे हॅलोजन ऑनलाइन मिळतात, ते ट्रान्सफॉर्मरमधून मोजून येणाऱ्या व्होल्टेजसाठी असतात. डब्यावर २,००० तास लिहिलेलं असतं ते त्या नेमक्या व्होल्टेजला. तुमच्या बोटीवर त्याचे सव्वादोनशे उरतात, आणि हादरे धरले तर त्याहून कमी. तुमचे ऑनलाइन बल्ब महिनाभर टिकले नाहीत त्याचं कारण बहुतेक हेच.

आणखी एक कारण आपल्या भागातलं आहे, ते मुंबईचा माणूस तुम्हाला सांगणार नाही. बोट रात्री काठाला बांधून लाईनवर चार्जिंगला लावता ना? जुन्या बोटींवर बहुधा वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असतो, त्यात रेग्युलेशन नावाचं काही नसतं. लाईन वर गेली की तोही वर जातो. आणि आपल्याकडे रात्री कृषिपंप बंद झाले की डीपीवर व्होल्टेज कसं चढतं ते तुम्हाला माहीत आहे, घरातला पंखा आवाज बदलतो. मी स्वतः २५५ पाहिलं आहे. २३० च्या जागी २५५ म्हणजे ११ टक्के जास्त, तेवढंच चार्जरच्या बाहेर जास्त. रात्री आठला मोजाल तर सगळं ठीक, बाराला मोजाल तर ३१. त्या वेळी केबिनमध्ये राखणदार दिवा लावून झोपला असेल तर बल्ब गेलाच. चार्जर असा असेल तर आधी तो बदला, बल्बावर पैसे घालू नका. नुसते बल्बच नाही, बॅटरीचं पाणीही तो उडवतोय.

मोजायचं कसं, हे नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावला तर सगळं नेहमी छानच दिसतं. डिजिटल मीटर करंट घेतच नाही, त्यामुळे वायरचा एक तंतू उरला असला, जोड हिरवा पडला असला, तरी आकडा पूर्ण येतो. दिवा लागलेला असताना मोजा. होल्डरच्या मागे वायर जिथे स्क्रूला लागते तिथे मीटरची टोकं ठेवा. बॅटरीवर २५.४ आणि पेटलेल्या दिव्याच्या होल्डरवर २३ असेल तर मधले दोन-अडीच व्होल्ट कुठल्यातरी जोडात जळतायत, आणि तो जोड गरम होतोय. मास्टच्या आणि बाजूंच्या दिव्यांपर्यंत घट तीन टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणजे २४ वर पाऊण व्होल्टाच्या आत. व्होल्टेज १० टक्के पडलं की फिलॅमेंटचा उजेड तीस टक्के पडतो. मीटरवर भरवसा नसेल तर आपला टेस्ट लॅम्प करा: ट्रकचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा. तो करंट ओढतो, म्हणून खोटं बोलत नाही.

मोजताना एक शक्यता मनात ठेवा. केबिनचे दिवे २४ वर आहेत हे तुम्ही धरून चाललात, पण जुन्या बोटीत ते १२ वर असू शकतात. आधीच्या मालकाला १२ व्होल्टचा म्युझिक सिस्टिम लावायचा होता, म्हणून त्याने दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर काढली आणि मग दिवेही त्यावरच ओढले, असं मी दोन-तीनदा पाहिलं. यात एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी रोज जास्त भरली जाते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. अशी वायर सापडली तर ती काढून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दुसरा प्रकार म्हणजे १२-१२ चे दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. एक गेला की जोडीदारही विझतो, ही त्याची खूण. त्यात एका जागी एलईडी टाकला तर दोघांत व्होल्टेजची वाटणी बिघडते, एकाला जेमतेम आणि दुसऱ्याला भरमसाट मिळतं. आधी वायरिंग सरळ करा.

मेन स्विच बंद केल्यावरच बल्बाला हात लावा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो. इंजिन पेट्रोलचं असेल किंवा पॅन्ट्रीत गॅसची शेगडी असेल, तर बोटीच्या तळाशी बिल्जमध्ये वाफ साचलेली असू शकते. गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच बसतो. पेटत्या होल्डरमधून बल्ब ओढला की ठिणगी पडते. झाकणं उघडा, ब्लोअर असेल तर चार-पाच मिनिटं चालवा, नाकाने वास घ्या, मग काम.

बल्बाच्या बुडाबद्दल. बूड सारखं म्हणजे बल्ब सारखा, हा समज सोडा. जुन्या यॉटवर घरच्यासारखे पिनेचे आणि चुडीचे होल्डर असतात, त्यात २४ व्होल्टचे बल्ब असतात. त्याच बोटीत काठाच्या लाईनवर चालणारे २३० चे दिवेही असतात, तसल्याच होल्डरमध्ये. काचेवर किंवा टोपीवर जे लिहिलं आहे ते भिंगाने वाचा. घरचा २३० चा बल्ब २४ च्या होल्डरमध्ये लावला तर तो पेटत नाही, एवढंच. उलटं केलं तर काच फुटून डोळ्यात जाईल. प्रत्येक होल्डरशेजारी मार्करने आकडा लिहून ठेवा. मी पांढऱ्या टेपवर लिहितो.

तुमच्या केबिनचे बहुतेक जी-४ असतील: दोन बारीक पिना, मधलं अंतर ४ मिलिमीटर. रिफ्लेक्टरवाले असतील तर मोठ्याचा व्यास ५० आणि छोट्याचा ३५ मिलिमीटर. मोठ्याच्या पिनांत ५.३ मिलिमीटर अंतर असतं, म्हणून जी-४ च्या होल्डरमध्ये तो जबरदस्तीने घालू नका, होल्डर फाटतो. दोन टोकांना टोपी असलेला, गोळीसारखा लांबट बल्ब असेल तर त्याची लांबी मोजून न्या. ३१, ३६, ४१ असे प्रकार असतात, आणि दोन-तीन मिलिमीटर कमी पडला तर तो हादऱ्याने निसटतो. हॅलोजन बसवताना काचेला उघडा हात लावू नका. बोटाचं तेल त्या काचेवर भाजून डाग पडतो आणि तिथूनच ती तडकते. टिश्यू पेपरने धरा. लागलाच हात तर स्पिरिटने पुसा.

२४ व्होल्टचे बल्ब मिळत नाहीत म्हणता, तर ट्रॅक्टरच्या दुकानात विचारलं असेल. ट्रॅक्टर आणि जीप १२ वर चालतात. मोठे ट्रक आणि बस बहुधा २४ वर. म्हणून ट्रकच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे जा, हायवेवर जिथे ट्रक थांबतात तिथे. पिनेचे सगळे तिथे मिळतील. जी-४ तिथे मिळणार नाही, तो नागपूरलाच बघावा लागेल किंवा मागवावा लागेल.

पण ट्रकवाल्याकडून आणलेल्या बल्बात एक खोड आहे, ती ऐका. जुन्या मास्ट-दिव्यात जो बल्ब असतो त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात, आणि बुडाला दोन ठिपके असतात. ट्रकच्या ब्रेक-टेललाईटचा २१/५ वॉटचा बल्बही अगदी तसाच, तोच साचा. तो बरोबर बसतो आणि पेटतोही. पण मंद, मरतुकडा. लोक म्हणतात वायर खराब आहे. वायर बरी असते. बोटीच्या बल्बात एकच तंतू, त्याची दोन्ही टोकं बुडाच्या दोन ठिपक्यांवर. टेललाईटच्या बल्बात दोन तंतू, त्यांची एकेक टोकं ठिपक्यांवर आणि दुसरी दोन्ही बाहेरच्या पितळी टोपीवर. बोटीच्या होल्डरमध्ये टोपीला वायरच नसते, म्हणून करंट एका तंतूतून टोपीवर आणि तिथून दुसऱ्या तंतूतून परत असा जातो. दोन्ही सिरीजमध्ये. एका नाविकाने मला हे दाखवलं तेव्हा मी चार वर्षं काम करत होतो आणि मलाच माहीत नव्हतं.

होल्डरचं काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा फॉल्ट तिथेच असतो. तुमची बोट इतकी वर्षं खाऱ्या हवेत होती. गोड्या पाण्यात आणली म्हणून आत बसलेलं मीठ जात नाही, पहिल्याच पावसाळ्यात ते ओल धरतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं हे पितळ कळकतं, हिरवी भुकटी दिसते. बारीक पॉलिश पेपरने किंवा पेन्सिलच्या खोडरबराने घासा, स्पिरिटने धुवा, स्प्रिंग बोटाने दाबून उसळते का बघा, आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात द्या. चिंचेने घासू नका. आमच्याकडे एकाने घरची भांडी निघतात तशी चिंच लावली. निघालं झकास, पण आंबट फटीत राहिलं आणि महिनाभरात दुप्पट हिरवं झालं. दिव्याचं पितळी घर फुटलं असेल तर फेकू नका. भंडारा तुमच्या जवळ आहे, पितळेचं काम करणारे हात तिथे आहेत. जुन्या यॉटचं पितळ हल्लीच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी चांगलं. आणि बोट काठावर उभी राहिली असेल तर दिव्याच्या आत कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का तेही बघा. गंमत नाही, ती माती ओल धरते आणि होल्डर शॉर्ट होतो. रबराची गॅस्केट कडक झाली असेल तर बदला.

आता एलईडी. फायदा मोठा आहे, तो नाकारत नाही. १० वॉटचे बारा हॅलोजन म्हणजे १२० वॉट, २४ वर ५ अँपिअर. चार तासांच्या फेरीत २० अँपिअर-तास बॅटरीतून गेले. २ वॉटचे बारा एलईडी तेवढ्याच वेळात ४ घेतील. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने छताच्या लाकडावर तपकिरी गोल पडले असतील, ते थांबेल.

घेताना डब्यावर व्होल्टची मर्यादा बघा. '१२-२४ व्होल्ट' एवढंच लिहिलं असेल तर ठेवून द्या, तुमचं २८.८ त्यात बसत नाही. १० ते ३० लिहिलेला चालेल, पण चार्जरचं सांगितलं ते ३१ आठवा. ३५-३६ पर्यंतचा मिळाला तर तो घ्या. स्वस्त एलईडीत नुसता रेझिस्टर असतो, चांगल्यात करंट सांभाळणारा ड्रायव्हर असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायची रीत: एक बल्ब आणा, कमीजास्त करता येईल अशा डीसी सप्लायवर लावा आणि मध्ये अँपिअर मोजा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असा सप्लाय असतो, बहुतेकांचा १५ व्होल्टपर्यंतच, पण ३० चाही कुणाकडे मिळतो. २२ व्होल्टला ९० मिलिअँपिअर घेणारा २ वॉटचा चांगला बल्ब २८ ला ७० च्या आसपास घेतो. व्होल्टेज वाढलं तरी वॉट तेवढेच, म्हणून करंट उतरतो. रेझिस्टरवाल्याचा करंट व्होल्टेजबरोबर चढतो. चढला की परत करा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि डझनभर घेण्याआधी एकावर करायची आहे.

दुसरी परीक्षा रेडिओची. हलक्या ड्रायव्हरचा किरकिराट रेडिओत शिरतो. बोटीवर व्हीएचएफ सेट (बोलायचा वायरलेस) असेल तर रिकाम्या चॅनेलवर स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचा नॉब, एवढाच फिरवा की खरखर नुकती थांबेल, मग दिवे लावा. खरखर पुन्हा आली तर तो बल्ब त्या बोटीवर नको. सेट नसेल तर खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूर लावून बल्बाजवळ धरा. दिवा लावल्यावर बातम्या ऐकूच येईनाशा झाल्या तर काय समजायचं ते समजा.

उष्णतेचं मात्र आपल्याकडे वेगळं आहे. एलईडी स्वतः कमी तापतो, पण त्याला ताप सोसतही नाही. ड्रायव्हरमधला कपॅसिटर दर १० अंशांना निम्मं आयुष्य गमावतो असं ढोबळ गणित आहे. मेअखेरच्या नवतप्यात बाहेर ४५-४६ असतं, बंद केबिनच्या छताला त्याहून कितीतरी जास्त. त्यात काचेचं झाकण पूर्ण बंद असलेल्या जुन्या दिव्यात एलईडी कोंबला तर तो डब्यावरचे तास कधीच भरत नाही. छतात मागून हवा लागेल अशी जागा असेल तिथे लावा, वॉट कमीच ठेवा, आणि उन्हाळ्यात दुपारी केबिनची खिडकी थोडी उघडी राहू द्या. उजेड पिवळसर घ्या, २,७०० ते ३,००० केल्विनचा. पांढऱ्या-निळसर उजेडावर पावसाळ्यात पाण्यावरचे किडे तुटून पडतात, पर्यटक वर बसणार नाहीत. लाकडी केबिनला तो शोभतही नाही, दवाखाना वाटतो. जुना डिमर असेल तर काढून साधा स्विच लावा. फ्यूज मात्र तसाच ठेवा; लोड कमी झाला म्हणून मोठा टाकायचं कारण नाही, वायर जुनीच आहे.

मास्ट आणि बाजूंच्या दिव्यांबद्दल मी हट्टी आहे. ते उजेडासाठी नसतात, समोरच्याला तुमची दिशा कळावी म्हणून असतात. १९७२ च्या टक्करविरोधी आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येकाचा कोन ठरलेला आहे: डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंश, नाकासमोरून सुरू होऊन बाजूच्या थोडं मागेपर्यंत. मास्टचा पांढरा २२५, मागचा पांढरा १३५. तुमची बोट १२ मीटरच्या आतली, म्हणून बाजूचे दिवे एक सागरी मैलावरून आणि मास्टचा व मागचा दोन मैलांवरून दिसले पाहिजेत. या लांबीला मास्ट आणि मागचा या दोघांऐवजी चारही बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवाही चालतो. हे सगळं समुद्राचं झालं. आपल्याकडच्या पाण्यावर १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला आहे. प्रवासी बसवणार असाल तर नोंदणी आणि तपासणी त्याखाली येते, आणि तपासणीत दिवे बघितले जातात.

यात एलईडी का नको? त्या दिव्याची भिंगासारखी काच एका उभ्या, बारीक तंतूसाठी घासलेली असते, आणि तंतू नेमका तिच्या मध्यावर असतो. एलईडी बल्बाला चहूबाजूंनी चिपा असतात. उजेड मध्यावरून निघत नाही, कोनाची कड धूसर होते, आणि नाकासमोर लाल-हिरवा दोन्ही एकत्र दिसायचा पट्टा रुंदावतो. समोरच्याला कळत नाही तुम्ही येताय की आडवे जाताय. दुसरं, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल कमी असतो, त्यामुळे लाल काचेतून तो अंधुक पडतो, आणि हिरव्या काचेतून निळसर दिसतो. आपल्या पाण्यावर रात्री जाळी टाकायला निघालेले ढिवर डोंग्यात असतात, त्यांच्याकडे फार तर एक टॉर्च. तुमचा दिवा पाहून बाजूला व्हायचं की थांबायचं ते त्यांना ठरवायचं असतं. म्हणून तिथे एकतर मूळ प्रकारचा, मूळ वॉटचा फिलॅमेंट बल्ब लावा, किंवा मंजुरी असलेला पूर्ण एलईडी दिवाच, काच-घरासकट, नवा बसवा. तो महाग पडतो. चार दिव्यांचे पैसे एकदम नसतील तर मास्टचा आधी करा, कारण दर वेळी मास्ट उतरवून बल्ब बदलणं हे सगळ्यात त्रासाचं.

नवा दिवा कुठलाही घ्या, दोन वायरीचा घ्या. गाडीचा दिवा स्वस्त मिळतो, पण त्याची बॉडीच निगेटिव्ह असते. तुमचा हल, म्हणजे बोटीचं अंग, फायबरचा आहे म्हणून लगेच काही होणार नाही, पण ज्या लोखंडी कठड्यावर तो बसवाल त्यातून करंट वाट शोधेल आणि जिथे कठडा ओला तिथे गंजाचं भोक पडेल. लोखंडी हलच्या बोटीवर तर हे पापच.

कपाटात ठेवायला सामान फार नाही: नेव्हिगेशनचे मूळ बल्ब प्रत्येकी दोन, केबिनचे दोन, फ्यूज, गॅस्केटचं रबर, पॉलिश पेपर, टेस्ट लॅम्प. बल्ब कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत. नुसते खणात टाकले तर इंजिनाच्या हादऱ्याने न वापरताच तुटतात.

तेव्हा सध्या काही मागवू नका. आधी मला चार आकडे कळवा: सकाळी चार्जर काढल्यावर तासाभराने बॅटरीचे व्होल्ट, इंजिन दीड हजार आरपीएमवर असताना बॅटरीचे व्होल्ट, रात्री बाराला चार्जर चालू असताना बॅटरीचे व्होल्ट, आणि त्याच वेळी सगळ्यात लांबच्या पेटलेल्या दिव्याच्या होल्डरवरचे. उडालेले चार-पाच बल्बही फेकू नका, काचेवर आतून काळं आलंय की पांढुरकं, तंतू मधे तुटलाय की पिनेपाशी, त्याचा जवळून फोटो काढून पाठवा. आणि मास्ट खाली घेतलाच, तर केबलच्या टोकाचं आवरण दोन बोटं सोलून तांबं लाल आहे की काळं पडलंय तेही बघून ठेवा.